पोटमाळ्यावरच्याची सही

माणूस चांगला होता असं मी म्हणणार नाही. चांगल्या माणसाचा एवढा मनस्ताप होत नाही. नऊ वर्षं माझ्या डोक्यावर राहिला. डोक्यावर म्हणजे खरोखरच डोक्यावर. परळच्या आमच्या खोलीला पोटमाळा आहे, त्यावर तो, आणि खाली मी, माझ्या शेगड्या आणि खानावळ. शिडीवरून त्याचे पाय उतरताना दिसले की मी भात वाढायला घ्यायची.

त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. विचारलं तर तो नको म्हणेल, आणि एकदा त्याच्या वतीने मी शहाणपणा केला तेवढा पुरे झाला. चाळ त्याला पोटमाळ्यावरचा म्हणायची. काहीजण रिकामटेकडा म्हणायचे, कारण तो चाळिशीतला बाप्या सकाळी डबा घेऊन कुठे जाताना दिसत नसे. दुसऱ्यांची किरकोळ कामं करून पोटापुरतं आणायचा आणि बाकी सगळा वेळ वर बसून एकच गोष्ट लिहायचा.

मी चौथी शिकले. तेव्हा ती गोष्ट काय होती ते मला समजलं तसं सांगते. तुम्ही फोनवर एखादा पत्ता टाकता, तेव्हा पलीकडे कुठेतरी एक मशीन बसलेलं असतं. तुम्ही काय मागताय ते ऐकायचं आणि बरोबर जागी धाडायचं, एवढं त्याचं काम. ज्याला असं मशीन कामाला बसवायचंय त्याने हा दारातला भाग पुन्हा पहिल्यापासून लिहू नये, म्हणून यानं तो लिहून ठेवला होता. कुणीही उचलावा, आपल्या कामात लावावा. त्याला ती माणसं लायब्ररी म्हणतात. तसल्या बऱ्याच आहेत म्हणे, पण त्या जड. याची हलकी.

पहिल्यांदा त्याने मला हे सांगितलं तेव्हा मी कोथिंबीर निवडत होते. म्हटलं, "म्हणजे मी दारात करते तेच की रे. जेवणार? आत बस. डबा? खिडकीशी ये. महिन्याचं बोलायचंय? थांब, हात धुऊन येते. आणखी काही? ते इथे मिळत नाही."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "एवढंच, मावशी. अगदी एवढंच."

"मग बाकीचे एवढं मोठं कशाला करतात?"

त्या दिवशी त्याने ताटाकडे बघितलंसुद्धा नाही. आमटी गार झाली. दोनदा म्हणाला, "कशाला करतात, खरंच कशाला करतात," आणि वर गेला. मला ताट झाकून ठेवावं लागलं. हा त्याचा आनंद!

तेव्हापासून माझ्यामागे ते लागलं. काही नवीन लिहिलं की खाली यायचा, माझ्यासमोर बसायचा, आणि मी लसूण सोलत असो की बांगडे साफ करत असो, मला समजावून सांगायचा. मला समजलं तर ते राहायचं. नाही समजलं तर काही न बोलता वर जाऊन काढून टाकायचा. मी म्हणायची, "अरे मेल्या, चौथी पास बाईला समजलं नाही म्हणून काय झालं? शिकलेल्यांना समजेल."

"शिकलेले समजल्यासारखं करतात, मावशी. तुम्ही करत नाही."

काढून टाकण्याचा त्याला नादच होता. पोटमाळ्यावर राहायला आला त्या आठवड्यात भिंतीतले जास्तीचे खिळे उपटून एका वाटीत घालून मला आणून दिले. शर्टाच्या खिशात काही ठेवत नाही म्हणून खिसा उसवला. त्या जागी कापड गडद राहिलं, ते वर्षभर तसंच घालून फिरला. पानात पापड वाढला तर उचलून बघायचा आणि विचारायचा, "हा कशाला?" खायला, मेल्या, आणखी कशाला! त्याचं एक म्हणणं होतं: नको ते काढलं की उरतं ते आपोआप बरोबर असतं. मला ते पटलं नाही. एका दुपारी त्याच्या आमटीत मीठच घातलं नाही. मुकाट्याने जेवला. दुसऱ्या दिवशी शिडीवरूनच म्हणाला, "मीठ पाहिजे." आणि मग खाली येऊन सांगितलं की आदल्या आठवड्यात काढलेली एक गोष्ट आज परत घातली. असल्या माणसावर रागवायचं तरी कसं? पण मी रागवायची. कारण मला ती पत्रं ऐकावी लागत.

जगभरातून त्याला पत्रं यायची. फुकट नेलेल्या वस्तूवर लोक किती तोंड सोडतात ते मी त्या पत्रांत ऐकलं. अमुक चालत नाही, आजच्या आज करून दे. तमुक का नाही, तुला एवढंही येत नाही का. एकाने लिहिलं होतं, तुझ्यामुळे माझं काम बुडालं. तो ती मराठी करून मला वाचून दाखवायचा आणि प्रत्येकाला सभ्य उत्तर लिहायचा. मी म्हणायची, "लिही त्याला, फुकट जेवलास तर जेवलास, वर पाट का फेकतोस?" तो हसायचा नाही. खरंच विचार करायचा की त्या माणसाचं कुठे अडलं असेल. दिवस दिवस त्यात जायचे. त्याच्या मनगटाला सूज आली होती, तिला फडकं बांधून लिहायचा. गालफडं बसली होती. मी काय डोळे मिटून वाढत होते?

आता दारात कुणाला काय विचारायचं यावरचं एक सांगितलं पाहिजे. माझी सासू ही खानावळ चालवायची तेव्हा मिल चालू होत्या. येणाऱ्याला ती दारातच आधी गाव विचारायची. गावावरून, आडनावावरून तिला बाकीचं कळायचं, आणि मग आत घ्यायचं की नाही ते ठरायचं. खानावळ माझ्या हातात आली तेव्हा मी ते बंद केलं. पोट घेऊन आला आहे, आणखी काय विचारायचं? हे मी त्याला कधीतरी सहज सांगितलं होतं. त्याने त्याच्या लिखाणात तो नियमच करून टाकला. दाराने काय पाहिजे एवढंच विचारायचं. कोण आहेस, कुठून आलास, काल कुठे होतास, हे विचारायचं नाही. बऱ्याच लोकांनी त्याला सांगितलं की ते घाल. त्याने घातलं नाही. बाकी सगळ्या बाबतीत मऊ होता, इथे दगड.

आणि तेवढ्याचसाठी तो साहेब आला.

माझा नवरा ज्या मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होता, तिच्या जागेवर आता काचेची इमारत आहे. तिथल्या एका कंपनीचं बरंचसं काम या आमच्या पोटमाळ्यावरच्या लिखाणावर चालत होतं. तिथला हा साहेब. पोरगाच होता, पस्तिशीचा. पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या लाकडी जिन्याने वर आला, बूट बाहेर काढले, मला वाकून नमस्कार केला.

"आजी, सर लेजंड आहेत. आमची अख्खी टीम त्यांच्यावर उभी आहे."

"मग टीमला सांग, खाली उतरा. बारीक माणूस आहे तो."

हसला. हसणं चांगलं होतं त्याचं. त्याचं म्हणणं असं की सरांनी हे सगळं कंपनीकडे सोपवावं. पत्रं कंपनी बघेल, दुरुस्त्या कंपनी करेल, सरांनी आराम करावा. पोटमाळ्यावरचा शिडीच्या तिसऱ्या पायरीवर बसून ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "नको." आणि वर गेला.

साहेब परत आला. पुन्हा आला. दर वेळी पेढे. शेवटच्या वेळी वर गेलाच नाही, माझ्याच जवळ बसला. म्हणाला, "आजी, तुम्हीच सांगा त्यांना. त्यांचं नाव वर राहणार आहे. कायम. उद्या अख्खं जग बघेल."

इथे मी फसले. मी भांड्यांवर वाढलेली बाई. आमच्याकडे भांडं घेतलं की आधी त्यावर नाव घालून घ्यायचं. छिन्नी-हातोडी घेऊन माणूस यायचा, टिकटिक करून एकेक अक्षर ठोकायचा. माझ्या रॅकवर बंद पडलेल्या चार खानावळींची ताटं आहेत, चारही मालकिणी गेल्या, नावं आहेत. ठोकून सपाट करायला गेलं तरी बोट फिरवलं की लागतात. नाव एकदा घातलं की ते धातूत गेलं, असं माझं डोकं. चाळ ज्याला रिकामटेकडा म्हणते त्याचं नाव त्या काचेच्या इमारतीत राहील, आणि याचं मनगट सुटेल. मला एवढं दिसलं.

मी त्याला खाली बोलावलं. म्हटलं, "सही करून टाक."

"मावशी, ते माझं दार बदलतील."

"बदलू देत. तू काय जन्मभर दार धरून उभा राहणार? मेलास म्हणजे?"

"तुम्हाला वाटतं करावी?"

"वाटतं. नाव राहतंय ना तुझं. आणखी काय पाहिजे?"

साहेबाने ठेवून दिलेला कागदाचा गठ्ठा घेऊन तो वर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली आला आणि माझ्या तांदळाच्या डब्याच्या झाकणावर कागद ठेवून सही केली. मी सकाळीच शिरा करायला घेतला होता. शेजारणींना बोलावून दिला. मिरवलं मी, खोटं कशाला बोलू.

पुढे जे झालं ते मला अस्मिताकडून कळलं. अस्मिता पलीकडच्या चाळीतली. इंजिनियरिंगला आहे आणि त्यांच्या विहारातली अभ्यासिका बघते. आज किती जागा रिकाम्या आहेत, कुठलं पुस्तक आलंय, हे पोरं फोनवर बघतात. ते तिने याच्याच लिखाणावर उभं केलं होतं, याच्याशेजारी बसून शिकून. ती एका दुपारी चपला न काढता आत आली. तशी ती कधी यायची नाही.

"काका, हे तुम्ही काय केलं?"

तो जेवत होता. घास तसाच हातात.

"सकाळपासून अभ्यासिकेचं बंद आहे. नवीन आलंय ते एवढं जड झालंय की आमच्या जुन्या मशीनवर चालतच नाही. आणि चालवलं तर येणाऱ्या प्रत्येकाचं कोण, कुठून, सगळं आधी त्या कंपनीकडे जातं. मी नाही लावणार ते. आमच्या पोरांची नावं मी कशाला देऊ त्यांना? आणि तुमचं नाव कुठाय?"

"वर असेल," मी म्हटलं.

"कुठेच नाही, आजी. पुसलंय."

मी विचारलं, "पुसलं म्हणजे? काही खूण?"

"काहीच नाही. तिथे कधी नव्हतंच असं."

एक सांगते आणि सोडून देते. या अस्मिताच्या आजोबांना माझ्या सासूने याच दारातून गाव विचारून परत पाठवलं होतं. मी तेव्हा नवी सून, पोळ्या लाटत होते, मान वर केली नाही. अस्मिताला हे माहीत असावं. आम्ही दोघी कधी बोललो नाही. पण तिच्या तोंडून "कोण, कुठून" ऐकलं आणि माझ्या अंगाची आग झाली. मी दार साफ केलं होतं, यानं ते साफ लिहिलं होतं, आणि मी शिरा वाटून ते परत सासूच्या हातात दिलं!

साडी बदलली आणि गेले त्या इमारतीत. जिथे माझा नवरा बिल्ला दाखवून जायचा तिथे आता मशीन आहे. नाव सांगा, नंबर सांगा, फोनवर आकडे येतील ते सांगा, कॅमेऱ्यात बघा. मी म्हटलं, काय पाहिजे ते आधी विचार ना रे बाबा! वॉचमन बिचारा म्हणाला, मावशी, ते विचारायचं इथे नसतंच. शेवटी साहेब खाली आला. या वेळी वाकला नाही.

"नाव कुठे आहे त्याचं?"

"आजी, नाव ठेवायचं ॲग्रीमेंटमध्ये नाहीये."

"तू बोललास माझ्यासमोर. पेढे घेऊन बोललास."

"ते तोंडी झालं."

"माझी खानावळ तोंडीच चालते. बंद पडलेली नाही. तू जेवायला ये, मग तोंडी काय असतं ते दाखवते."

तो घड्याळाकडे बघायला लागला. जाता जाता सांगून गेला, आणि ते मी कधी विसरणार नाही, "सरांना सांगा, रागाच्या भरात नवीन काही लिहायला बसू नका. पाच वर्षं त्यांना असं काही करता येणार नाही. कुणाला शिकवताही येणार नाही. सही आहे त्यांची."

म्हणजे स्वयंपाकीण काढली, तिचं ताट घेतलं, ताटावरचं नाव घासलं, आणि वर तिला घरीसुद्धा चूल पेटवायची बंदी. कोण असले कागद करतं? आणि असले कागद करणाऱ्यांना झोप लागते?

घरी येऊन मी त्याला सगळं सांगितलं. तो माझा लसूण सोलत बसला होता. "हं," म्हणाला. बस. हं! मी चुलीवरचं सोडून एवढ्या उन्हात गेले, आणि हा म्हणतो हं.

अस्मिता त्याच्यापेक्षा धडाडीची. तिने सांगितलं की त्याने आधी जे सगळ्यांना देऊन टाकलं होतं ते कुणी परत घेऊ शकत नाही. ती जुनी प्रत घेऊन कुणीही पुढे लिहू शकतं. फक्त त्याला ते करता येणार नाही. मग तिने ते घेतलं, वर त्याचं नाव होतं तसं ठेवलं, खाली आपलं घातलं आणि कामाला लागली. अडलं की वही घेऊन यायची. तो शिडीवर बसलेला असायचा. ती विचारायची, आणि तो गप्प. उत्तर ओठांवर आलेलं दिसायचं मला.

"सांग ना तिला!" मी ओरडायची. "कोण बघायला येतंय इथे?"

"मी लिहून दिलंय, मावशी."

"खोटारड्याला दिलेला शब्द. त्याला काय किंमत?"

"खोटारडा तो. शब्द माझा."

ऐकलंत? अशा माणसाला मी नऊ वर्षं जेवू घातलं. मी त्या दिवशी पळी आपटली. ती अजून वाकडी आहे.

पंधरा दिवस असं चाललं. मग एका सकाळी पिशवी घेऊन उतरला. मालवणच्या पुढे त्याची बहीण असते, तिकडे जातो म्हणाला. का, तर "इथे राहिलो तर एक दिवस बोलून जाईन." मी थांब म्हटलं नाही. रागात होते. नंतर पोटमाळा झाडायला चढले तर झाडायला काहीच नव्हतं.

अस्मिता येते अजून. दर रविवारी. आणि आता माझी गंमत बघा. तिला जे अडतं त्यातलं बरंचसं मला ठाऊक असतं. एकाच मागणीला दोन जागा जुळल्या तर कुठे धाडायचं? मी सांगते, जी आधी लिहिली तिकडे. असं त्याने मला बांगडे साफ करताना सांगितलं होतं, आणि का ते पण सांगितलं होतं. पत्त्याच्या शेवटी कुणी उगाच रेघ मारली तर? त्याच माणसाला दोनदा दारात उभं करू नको, घे आत. पोरगी वहीत लिहून घेते. मी कुठे सही केली आहे? येऊ दे त्या साहेबाला विचारायला.

पण गेल्या रविवारी तिने विचारलं, आत काहीतरी मोडलं, पदार्थच करपला, तर दाराने बाहेरच्या माणसाला काय सांगायचं? किती सांगायचं? हे तो मला कधी बोलला नव्हता. मी फोन लावला. त्याने उचलला. मागे कोंबड्या ओरडत होत्या. मी प्रश्न जसाच्या तसा विचारला. तो गप्प. मी थांबले.

मग मला काय झालं कोण जाणे. म्हटलं, "हे बघ, राहू दे ते. माझ्या सांगण्यावरून सही केलीस. माझं चुकलं. मला काय माहीत तो तुझे हात बांधतोय. तुलाही कुठे माहीत होतं."

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"आदल्या दिवशी सगळं वाचलं होतं, मावशी. नावाचं नाहीये आणि पाच वर्षांचं आहे, दोन्ही वाचलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही रवा भाजायला घेतला होता."

मग जे सुचलं ते सगळं बोलले, ते इथे लिहिता येणार नाही. माझ्या रव्यासाठी? माझ्या शिऱ्यासाठी आपलं अख्खं काम त्या काचवाल्यांच्या घशात घातलंस? मी कोण लागून गेले तुझी? एक शब्द बोलला असतास तर तो शिरा मी त्या साहेबाच्या अंगावर ओतला असता! तो ऐकत राहिला. माझा दम संपल्यावर म्हणाला, "मनगट बरं आहे आता," आणि फोन ठेवला.

अस्मिता वही उघडी ठेवून समोर बसली होती.

"काय म्हणाले काका?"

"काही नाही म्हणाला. तुला जे बरं वाटेल ते लिही," मी म्हटलं. "आणि सही कुठे करू नकोस. मी सांगितलं तरी."